ग्रँड म्हणजे काय

आयर्लंडमध्ये गॉलवेतल्या एका कंपनीत केदार हृदयाचे व्हॉल्व्ह तपासतो. दोन हजार वीसच्या टाळेबंदीत घरी बसल्यावर त्याने विरंगुळा शोधला तोही व्हॉल्व्हचाच. फक्त हे काचेचे, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले.

अ‍ॅम्प्लिफायर शेजारच्या एमनसाठी होता. सत्तरीचा एमन दर रविवारी फाटकाशी उभा राहून गल्लीसाठी गिटार वाजवी. आपला अ‍ॅम्प्लिफायर त्या फाटकाशी दिसावा, एवढीच केदारची इच्छा.

सुरांना दगडी चर्चमधला घुमारा यायचा तर अ‍ॅम्प्लिफायरमधल्या स्प्रिंगा हलवाव्या लागतात, आणि त्यांना करंट भरपूर लागतो. त्या हलवणारं सर्किट केदारने स्वतः काढलं. आधी धोक्यांचं चौदा पानी विश्लेषण केलं. मग सगळे लावतात त्या दोन किलोओहमऐवजी व्हॉल्व्हच्या कॅथोडला करंट अडवणारा दहाचा रेझिस्टर लावला. करंट इतका बेताचा, की तो व्हॉल्व्ह केदारच्या नातवंडांनाही पुरला असता. स्प्रिंगा मात्र सरकारी फाइलीइतक्याच हलत.

एमनने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "ग्रँड."

केदार तरंगतच घरी आला. पुण्याला फोन करून आईला सांगितलं, आयरिश माणूस माझ्या कामाला भव्य म्हणाला. पुढचे चार रविवार एमन फाटकाशी आला तो आपला जुनाच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. भव्य वस्तू जपून ठेवली असेल, अशी केदारने स्वतःची समजूत काढली. पाचव्या रविवारी एमनची बायको सहज बोलून गेली, की ती वस्तू प्रेसमध्ये आहे. प्रेस म्हणजे कपाट, हे तरी केदारला माहीत होतं.

केदारची बायको रुचा हॉस्पिटलात डॉक्टर. तिने शांतपणे चहा ओतला. "अरे, माझा पेशंट ऑक्सिजनवर असतानाही ग्रँडच असतो. ग्रँड म्हणजे चालतंय, आता विषय बदल."

केदारने मग चौदा पानं बाजूला ठेवली, अ‍ॅम्प्लिफायर परत आणला आणि दहाच्या जागी दोनचा रेझिस्टर लावला. एमनने तार छेडली. स्प्रिंगा खणखणल्या, समोरच्या घराचं कुत्रं भुंकलं. एमनने तीच तार पुन्हा छेडली.

"नॉट द वर्स्ट," तो म्हणाला.

केदार पडेल चेहऱ्याने घरी परतला. रुचाने कप खाली ठेवला.

"सर्वांत वाईट नाही, असं म्हणाला? सहा वर्षांत इथे मला एवढं कुणी नावाजलं नाही."

रविवारी फाटकाशी केदारचा अ‍ॅम्प्लिफायर होता. आईला मात्र त्याने भव्यच सांगितलं.