खिडकीतून दिसणारा माल

तात्यांची द्राक्षं पहिल्यांदा समुद्रापार निघाली, तेव्हा सिंगापूरमधलं हॉटेल निवडायचं काम माझ्याकडे आलं. तात्या माझे वडील; त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी बारामतीत एका दैनिकाच्या कचेरीत बातम्या तपासायचे. नव्वदीच्या दशकाची ती मधली वर्षं होती. इंदापूरजवळच्या आमच्या बागेतला माल थंड कंटेनरमधून मुंबईहून जाणार होता. कंटेनरचं दार उघडेल तेव्हा तात्यांना तिथे हजर राहायचं होतं.

पुण्याच्या बाजारात ते वर्षानुवर्षं मालाशेजारीच पोतं अंथरून झोपत आले होते. मालक नसताना पेटी उघडली की माल हमखास मऊ निघतो, हा त्यांचा अनुभव. सिंगापूरच्या व्यापाऱ्याने माल नासका ठरवला, तर परदेशाची वाट पहिल्याच वर्षी बंद होणार होती.

पुण्याच्या एजंटाने तीन हॉटेलांची माहिती फॅक्सने पाठवली. एक विमानतळाजवळ, दुसरं भारतीय वस्तीत, तिसरं बंदरावर.

"जेवायचं काय, चपात्या-चटणी नेतो मी. खिडकीतनं माल दिसला पायजे," तात्या म्हणाले.

"द्राक्षं हाका मारणार हायत व्हय तुमाला?" आई म्हणाली.

मी तिसऱ्यावर खूण केली. फॅक्सवरचं चित्र काळपट होतं; खिडकी आणि जहाज एवढंच कळत होतं. बातमी असती तर मी आणखी दोन ठिकाणी विचारलं असतं. इथे विचारलं नाही.

ते पोचले त्या दुपारी मी इंदापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या फोन बूथवर बसले. हॉटेलचा नंबर लागेना.

"ताई, सिंगापूर हाय, शेजारचं सणसर न्हाय. दम धरा," बूथवाला म्हणाला.

चौथ्या वेळी लागला.

"जहाजं हायती," तात्या म्हणाले, "पर माणसांची. गोरी माणसं उतरत्यात. कंटेनर एक बी न्हाय."

मालाचा धक्का आणि व्यापाऱ्याचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दार दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या नऊला उघडणार होतं. आमच्याकडे तेव्हा साडेसहा.

"गोदामाच्या पत्त्याची चिठ्ठी कुठंय?"

"बंडीच्या खिशात. हितल्या कारकुनाला दावली. गाडी बोलावलीय त्यानं. तितंच जाऊन बसतो आता."

"आणि खोली?"

फोन तुटला. परत लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बूथ उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसले. बूथचा नंबर तात्यांकडे होता. साडेसहा वाजले, सात वाजले. आठच्या सुमारास फोन वाजला.

"दारापाशी पेट्यांच्या दोन रांगा मऊ निघाल्या," तात्या म्हणाले. "त्यो व्यापारी समदा माल नासका लिव्हाय लागला. मी आत शिरलो, पार मागची पेटी काढली, त्याच्या म्होरं फोडली. घड टणक! मग बाकीच्या उघडाय लावल्या. दोन रांगा गेल्या, बाकी घेतल्या."

"पुढच्या वर्षी घेतो म्हणाला?"

"मान हलवली त्यानं. मी बी हलवली."

मग म्हणाले, "पोरी, हाटेलाचा पत्ता तू चिठ्ठीवर लिव्हलाच न्हाईस. किल्लीला हाटेलाच्या नावाचा बिल्ला हाय, त्योच गाडीवाल्याला दावतो."