दारात जाऊन सांगणं

मंगळवारी सकाळी माझी पत्नी शाळेला निघाली आणि जिन्यात पडली. दुपारी डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो. शनिवारी शाळा सुटली की मी वाचनालयात जायचो आणि ती विडी कामगारांच्या वस्तीत. पालकसभेचं आमंत्रण ती लग्नाच्या बोलावण्यासारखं करायची, घरोघरी, बायांना कुंकू लावून. त्यांच्यात बसून बसून तिला तेलुगूही थोडं यायला लागलं होतं.

ती गेल्याची बातमी शाळेने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पुढे पालकसभेचं निमंत्रणही तिथेच टाकलं. वस्तीतून कोणी आलं नाही. तिच्या वर्गातली एक मुलगी तर शाळेतच यायची थांबली.

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, आता तुम्हीच जा. पोरगी एकदा विड्या वळायला बसली की परत येत नाही."

मी गेलो. मुलीची आई उंबऱ्यापाशी मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळत होती. मुलगी आत पानं कापत होती. आईने मला आत या म्हटलं नाही.

"सभेला आला नाहीत तुम्ही," मी म्हणालो.

"बोलावलं कोण?"

"ग्रुपवर..."

"फोन हिचा बाप नेतो की कारखान्यात. आणि बाई गेल्या ते तरी कोण सांगितलं आम्हाला? मातीला यायचं होतं. तिसऱ्या दिवशी कळलं, ते पण भाजीवालीकडून."

शेजारीण दारातून म्हणाली, "आता मातीलाबी ग्रुपवरच जायचं असतं, अक्का."

परत फिरावंसं वाटलं. आत कात्रीचा आवाज थांबला होता. मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ती कशी पडली, रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर कसं होतं, सिग्नलला रिक्षा किती वेळ थांबली. एवढं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आईचे हात थांबले. "पाणी मागितलं का बाईंनी?"

"नाही."

हाताला तंबाखू होती, म्हणून तिने मनगटाने डोळे पुसले.

"पोरीला पाठवा," मी म्हणालो.

"बघू."

मुलगी सोमवारपासून शाळेत येते. घरी गेल्यावर पानं कापते. तिची आई माझ्याशी फार बोलत नाही. शनिवारी मी वस्तीत गेलो की सरकून बसते आणि पायरीवर जागा करून देते.