ससाण्याची हाक

मुलांनो, तुम्ही तिथे परदेशात डबीतून खाता ती द्राक्षं वेलीवर असताना पाखरांपासून राखावी लागतात. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आमच्या परसामागे अशी एक बाग होती. राखणीला पेठकडच्या डोंगरातली एक बाई यायची. बाकीचे राखणदार पत्र्याचे डबे बडवत. ही बांधावर उभी राहून तळवा गालाला लावी आणि हुबेहूब ससाण्यासारखी ओरडे. बुलबुलांचा गलका एकदम थांबे आणि सगळी बाग रिकामी होई. कपडे वाळत घालताना मी रोज दचकायची. ती कुंपणापलीकडून हसायची.

"कुणी शिकवलं गं तुला?" मी एकदा विचारलं.

"ससाण्यानं. दुसरं कोन शिकवील?"

शाळा तिने पाहिली नव्हती. तिची परीक्षा पाखरंच घेत आणि तीच तिला पास करत.

पुढे मालकाने बागेवर जाळी टाकली. त्या हंगामात ती आली, तेव्हा त्याने तिला दारातूनच परत पाठवलं. जाण्याआधी ती कुंपणाशी आली आणि तिने हाक दिली. उडायला बागेत एकही पाखरू नव्हतं. मी तिच्याकडेच बघत होते, त्यामुळे मीही दचकले नाही.

"बगा," ती म्हणाली, "आता तुमी बी भ्येत नाय."

बोचकं डोक्यावर घेऊन ती गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

तुम्हाला फोनवर ती हाक ऐकवावी म्हणून मी कितीदा तळवा गालाला लावून पाहिला. नुसती फुंकर निघते.