चाकण ते चाकण रेघ उमटत नाही

हल्ल्यांचे नकाशे बनवणाऱ्या दोस्तांनो, आज चाकणच्या एका कंपनीत होतो. भिंतभर स्क्रीनवर आम्ही बनवलेला जगाचा नकाशा, त्यावर परदेशातून येणाऱ्या सायबर हल्ल्यांच्या लाल रेघा. पाहुणे फोटो काढत होते.

तेवढ्यात यंत्रं चालतात त्या शॉपफ्लोअरवरून किंकाळी आली. बंद असलेला रोबोट अचानक फिरला आणि त्याने फिटर सलीमभाईंचा हात कोपरापासून चिरडला.

मॅनेजरने माझी कॉलरच धरली. "राव, हे स्क्रीनवर का नाही दिसलं?"

कारण रोबोटला फिरायची कमांड कंपनीतल्याच हॅक झालेल्या लॅपटॉपवरून गेली होती. चाकणहून चाकणला. जगाच्या नकाशावर त्या रेघेला लांबीच नसते.

आग लावा त्या नकाशाला! सलीमभाईंचं रक्त अजून माझ्या बुटांवर आहे.

पुढच्या मीटअपला हाच नकाशा कोणाला मिरवायचाय? हात वर करा.