उतार संपला की निळा धूर

"ताई, धूर कशाचा ते नंतर बघा. आमाला आत्ता वर जायचंय. तेवढं काय तरी करून द्या."

रेणुसे काकांनी गाडी माझ्या गॅरेजच्या दारात आडवी लावली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरले. जुनी डिझेल गाडी, सात सीटची, टर्बोवाली. काका वेल्ह्याच्या पुढचे, केळदच्या रस्त्याला त्यांचं गाव. भोरच्या दवाखान्यातून परत निघाले होते. मागच्या सीटवर त्यांची सून मनीषा बसली होती. दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी अजून वेळ आहे म्हणून घरी सोडलं होतं.

कापूरहोळला माझं गॅरेज चौकापासून जवळच आहे. आधी मी पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता माझं मी बघते. घाईची गिऱ्हाइकं मला नवी नाहीत. पण काका एका जागी उभेच राहात नव्हते. रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे, बोनेटवर हात ठेवायचे, पुन्हा जायचे. त्यांची घाई बघून माझाही जीव वरखाली व्हायला लागला.

"कसला धूर येतो? काळा, पांढरा, का निळा?" मी विचारलं.

"धूर म्हंजे धूर. पण टर्बो नवा हाय बरं का! परवाच घातलाय. जुना गेला म्हणं. आता हा बी धूर मारतोय."

हे ऐकून मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

धुराचा रंग आम्हाला थोडं सांगतो. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा असेल तर कूलंटचं पाणी आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पण ते कुठून आत शिरतंय, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी धूर कधी येतो, ते कळावं लागतं.

"चढाला न्हाई येत," मागच्या सीटवरून मनीषा म्हणाली. "उतार संपला आन मामांनी परत पाय दिला की येतो. निळा. मागचे मोटारसायकलवाले तोंड झाकतात."

"तुला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले.

"मागं बसल्यावर दिसतं की."

मला हवं होतं तेच ती बोलली होती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर चढाला, जोर लावतानाच जास्त धूर आला असता. तरी मी ऑइलचं झाकण उघडून बघितलं. रिंगा गेल्या की तिथून भकाभका वाफ बाहेर येते. इथे जवळजवळ काहीच नव्हतं. इंजिन चांगलं होतं. म्हणजे संशय टर्बोवर, आणि टर्बो तर कोरा.

आता एक टेस्ट राहिली होती. इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं, मग एकदम रेस द्यायची आणि सायलेन्सरकडे बघायचं. मी मनीषाला खाली उतरवलं. धूर नाकात जाईल, एवढाच विचार होता. भिंतीजवळ खुर्ची दिली. काका स्टिअरिंगवर बसले. मी मागे जाऊन उभी राहिले.

"द्या रेस!"

निळ्या धुराचा लोट आला. मी म्हटलं, "सोडा."

काकांनी पाय सोडला. इंजिनचा आवाज मात्र उतरला नाही. तो चढत गेला. आणखी चढला. गाडी थरथरायला लागली आणि धुरात मला भिंत दिसेना.

"ताई, पाय काढलाय म्या! चावी बी बंद केली!" काका ओरडले आणि दार उघडून बाहेर पडले.

डिझेल इंजिनचं असं होऊ शकतं. टर्बोतून गळालेलं ऑइल हवेच्या पाइपात साठतं आणि जोरात रेस दिली की हवेबरोबर आत ओढलं जातं. मग इंजिन डिझेलवर नाही, स्वतःच्याच ऑइलवर पळतं. चावीने डिझेल बंद होतं, ऑइल होत नाही. ऑइल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते थांबत नाही.

"मनीषा, बाहेर! रस्त्याकडे!" मी ओरडले आणि आत बसले. क्लच दाबला, पाचवा गिअर टाकला, दुसरा पाय ब्रेकवर जेवढा जाईल तेवढा दाबला, हँडब्रेक ओढला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने जोराचा हिसका दिला. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं.

नंतरच्या शांततेत चौकातल्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी गाडीतून उतरले. मनीषा रस्त्याच्या कडेला पोटावर हात धरून उभी होती.

"बरी आहेस ना?"

"मी बरी हाय. पण या गाडीत मी आता बसणार न्हाई. मला माहेरी सोडा, वरव्याला."

वरवे बुद्रुक आमच्याकडून जवळ. तिथून दवाखानाही जवळ. हे ती आठवडाभर सांगत होती, असं मागून कळलं. काका खाली मान घालून म्हणाले, "व्हय. माहेरीच जा." मी माझी गाडी काढली, काकांना बरोबर घेतलं आणि तिला माहेरी सोडलं. काका मात्र माझ्याबरोबर परत आले. त्यांना तिथे स्वस्थ बसवलं नसतं.

मग टर्बो खोलला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याच्या दांड्याला इंजिनचंच ऑइल मिळतं. ते वरून प्रेशरने येतं आणि खालच्या पाइपातून नुसत्या उताराने परत जातं. तो खालचा पाइप काढला आणि आत बोट घातलं. बोटाला रबरासारखं काहीतरी लागलं. जुन्या टर्बोच्या वेळीच कधीतरी हा पाइप जोडताना कुणीतरी गॅस्केटला, म्हणजे जोडातल्या पातळ पट्टीला, भरमसाट सिलिकॉन लावलं असावं. ते दाबून आत आलं, वाळलं आणि निम्म्याहून जास्त वाट बंद झाली. ऑइलला परत जायला जागा नव्हती, म्हणून ते सीलमधून हवेच्या बाजूला झिरपत होतं. उताराला ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना साठायचं आणि पाय दिला की जळायचं.

"म्हंजे नवा टर्बो चांगलाय?" काकांनी विचारलं.

"चांगलाय. जुनाही बहुतेक चांगला असेल. तेव्हाही ऑइलची परतीची वाट कुणी तपासली नसेल."

पाइप साफ केला, सिलिकॉन न लावता नवं गॅस्केट घातलं. हवेचे पाइप आणि हवा थंड करणारा इंटरकूलर उतरवून त्यातलं ऑइल काढलं. नवं ऑइल भरलं आणि इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासलं. ते नशिबाने शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी भोर रस्त्यावर ट्रायल घेतली. काका मागे तोंड करून बसले होते. उतार उतरले, पाय दिला.

"न्हाई ताई. काय न्हाई."

मी गाडी वळवली आणि पुन्हा त्याच उतारावर नेली. मग पुन्हा. "आता किती येळा?" काकांनी विचारलं. मी गाडी पुन्हा वर घेतली. केळदच्या घाटात, मनीषा मागे बसलेली असताना ते इंजिन सुटलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

ट्रायल चालू असतानाच काकांचा मोबाईल वाजला. मनीषाला कळा सुरू झाल्या होत्या. भावाने तिला माहेरून भोरला नेलं होतं. मी गाडी तशीच भोरला नेली. संध्याकाळी मुलगी झाली. आई-मुलगी दोघी ठीक.

काका आता गाडी दाखवायला येतात तेव्हा आधी सायलेन्सरजवळ वाकून बघतात. मी मात्र टर्बो गेलेली गाडी आली की अजूनही नवा टर्बो लगेच मागवत नाही. पार्ट बदलायला पाने लागतात. तो पार्ट का गेला हे शोधायला, गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी, थोडं हळू व्हावं लागतं.