येईपर्यंत दाब, आत्या!

ज्या विमानतळावर मी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं, त्याच्याबद्दलचं माझं मत अतिशय पक्कं होतं.

त्याचं असं झालं. आमची मुलगी प्राजक्ता कॅनडात बाळंत झाली आणि आम्हा नवराबायकोला तिचं बोलावणं आलं. सोबत आत्यालाही. (खरं बोलावणं आत्यालाच होतं. तान्ह्या बाळाला तेल लावून पायावर अंघोळ घालावी तर तिनंच. आम्ही दोघं तिच्यासोबतचं सामान होतो!) आत्या रामटेकजवळच्या खेड्यात राहते. वय चौऱ्याहत्तर, पण धानाच्या रोवणीला अजूनही स्वतः चिखलात उतरते. विमानात बसायची तिची पहिलीच वेळ. पहिली वेळ माझीही होती. पण अठ्ठावीस वर्षं नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मी ते मान्य करत नव्हतो.

नागपूरहून निघायचं, आखातातल्या एका शहरात चार तास थांबायचं आणि तिथून दुसरं विमान पकडायचं, असा बेत होता. "बाबा, ते विमानतळ फार मोठं आहे. जरा माहिती काढून ठेवा," असं प्राजक्ता फोनवर म्हणाली.

जरा! मी महिनाभर खुर्चीतून उठलो नाही. त्या विमानतळाबद्दल प्रवाशांनी लिहिलेली आठशेच्या वर मतं मी मोबाइलवर वाचली. एकानं लिहिलं होतं, 'हा पृथ्वीवरचा स्वर्ग आहे.' त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'इथे मी साडेतीन किलोमीटर चाललो आणि निघालो तिथेच पोचलो.' एकाला पाट्या इतक्या स्पष्ट वाटल्या की लहान मूलसुद्धा चुकणार नाही. एका बाईंचा नवराच चुकला होता. (त्यांनी तरीही पाचपैकी पाच चांदण्या दिल्या होत्या!) हे सगळं मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती बॅगा भरायची.

"अगं, ऐकून राहिली ना? एक जण म्हणतो, कॉफी गार होती."

"मग आपण चहा पिऊ."

"चहाबद्दल दोन मतं आहेत."

"हे बघा," ती हातातली साडी आपटत म्हणाली, "ज्यांना विमानतळावर काम नसतं ते लिहितात आणि ज्यांना घरात काम नसतं ते वाचतात. तो डबा धरा इकडे!"

डब्यात संत्रा बर्फी होती. असे चार डबे जावयासाठी निघाले होते.

त्या आठशे मतांपैकी एक मात्र माझ्या मनात घट्ट बसलं. कुणीतरी लिहिलं होतं : 'बाथरूमच्या बाहेर एक बटण आहे. मी दाबलं आणि दोन मिनिटांत माणूस हजर! काय ही सेवा!' वाचून मी भारावलो. आपल्याकडे माणसाला नावानं हाका मारल्या तरी तो येत नाही!

तर आम्ही त्या विमानतळावर सकाळी उतरलो. तपासण्या आणि चालणं यातच दोन-अडीच तास गेले. सुनंदाला बॅगांजवळ बसवून मी आत्याला बाथरूमकडे घेऊन गेलो. ती आत गेली आणि मी बाहेर, कुटुंबप्रमुखाला शोभेल असा, हात मागे बांधून उभा राहिलो. पाचेक मिनिटांनी आत्या बाहेर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या फेसानं माखलेले.

"पुरू गा!" (माझं नाव पुरुषोत्तम. ते पूर्ण उच्चारायला आत्याला कधीच वेळ मिळाला नाही.) "त्या नळाले चावीच नाही! साबण आपोआप हातावर पडला, पन पानी काही येऊन नाही राहिलं!"

"कुणाला विचारायचं ना."

"कोनाले विचारू? एक पोरगी पार तिकडच्या कोपऱ्यात फरशी पुसत होती. आता काय करू, असाच फेस घेऊन कॅनडाले येऊ काय?"

आणि तेवढ्यात मला ते दिसलं. दाराच्या बाजूला एका खांबावर लहानसा पडदा आणि त्यावर चार गोल चेहरे. एक हिरवा, हसणारा. एक लाल, संतापलेला. मधले दोघे आपले असेच. वरती इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलं होतं. माझा चष्मा सुनंदाच्या पर्समध्ये होता, पण चष्म्याची गरजच काय? आठशे मतं पाठीशी होती!

"आत्या, हीच ती घंटा! दाब. अडचण आहे ना? मग लाल."

आत्यानं फेसाळ बोटानं लाल चेहरा दाबला. पडद्यावर दोन अक्षरं चमकली आणि गेली.

"कोनी आलं नाही गा."

"पुन्हा दाब."

"किती खेपा दाबू?"

"येईपर्यंत दाब, आत्या!"

आत्यानं दाबलं. चौऱ्याहत्तर वर्षांचं असलं तरी ते रोवणी करणारं बोट! ती थकली तेव्हा मी दाबलं. मग आम्ही आळीपाळीनं दाबलं. एक गोरे गृहस्थ जाता जाता थांबले, आमच्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली आणि तेही एकदा लाल दाबून गेले.

अखेर यश आलं. लांबून एक उंच बाई धावत आल्या. अंगात कोट, कमरेला वॉकीटॉकी, हातात टॅबलेट. त्या तडक आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यासोबत ती फरशी पुसणारी पोरगी होती. निळा गणवेश, वय आमच्या प्राजक्ताएवढं, छातीवर नाव : बिमला.

"वंडरफुल सर्व्हिस!" मी पुढे होऊन म्हणालो. "ओन्ली फोर मिनिट्स!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या इंग्रजीत बिमलाला विचारत होत्या, चार मिनिटांत सदतीस प्रवासी एवढे का चिडले? आत नेमकं काय झालं? बिमला मान खाली घालून एवढंच म्हणत होती, "मॅडम, आय क्लीन. एव्हरीथिंग आय क्लीन."

सदतीस? मी इकडेतिकडे पाहिलं. एकही चिडलेला माणूस दिसेना. मग मी खांबाच्या अगदी जवळ गेलो, डोळे बारीक केले आणि वरची ओळ वाचली. 'या स्वच्छतागृहाची स्वच्छता तुम्हाला कशी वाटली?'

आयुष्यभर मी पोरांना ओरडत आलो : 'गाढवांनो, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा!' ती सगळी पोरं त्या क्षणी माझ्याभोवती उभी राहून खिदळत आहेत असं मला वाटलं.

मी घाम पुसत बाईंना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, ते आकडे पुसता येत नाहीत. बिमला नवीन आहे, तिची परीक्षेची मुदत आज संपते, आणि तासाभरानं तिची कामाची पाळी संपली की जो निकाल वर जाईल तोच धरला जाईल.

आत्याला इंग्रजी कळत नाही, पण रडवेला चेहरा कळतो. "काय म्हनते गा ते बाई?" मी सांगितलं. तेवढ्यात बिमला फडकं घेऊन आली, खांबावर उडालेला साबणाचा फेस पुसला आणि हिंदीत म्हणाली, "कोई बात नहीं, माँजी. आओ, मैं हाथ धुलवाती हूँ." आत नेऊन तिनं आत्याला दाखवलं. नळाखाली हात धरून नुसतं थांबायचं, पाणी आपलं आपण येतं.

आत्या हात धुऊन बाहेर आली ती वेगळीच आत्या होती. रोवणीला मजूर कमी पडले की ती अशी दिसते.

"पुरू! सुनंदाले बोलाव. बर्फी काढ!"

"आत्या, ती जावयासाठी..."

"जावई काही नोकरीवरून जाऊन नाही राहिला! काढ!"

मग जे सुरू झालं त्याची कल्पना त्या विमानतळाच्या मालकांनी स्वप्नातही केली नसेल. आत्या खांबाच्या बाजूला ठाण मांडून उभी राहिली. आतून बाई बाहेर आली की आत्या तिच्या हातावर संत्रा बर्फीचा तुकडा ठेवायची आणि हिरव्या चेहऱ्याकडे बोट करायची. "लय साफ हाय ना बाई? मग दाब! हा हसनारा दाब!" बुरख्यातल्या दोघी आल्या, त्यांनी दाबलं. पांढऱ्या केसांच्या एक आजी आल्या. त्यांनी बर्फी हुंगली, खाल्ली, दाबलं आणि आत्याला मिठी मारली. सुनंदा आतल्या नळांपाशी उभी राहून कोड्यात पडलेल्या बायकांना 'हात धरा आणि थांबा' हे खुणांनी शिकवत होती.

"सुनंदा, मी काय करू?" मी दारातून विचारलं.

"तुम्ही काहीच करू नका! मेहरबानी करा!"

पण माझं मन मला खात होतं. बाजूलाच पुरुषांचं बाथरूम होतं आणि तिथेही तसाच खांब होता. मी तिथे जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे बर्फी नव्हती, फक्त हसू होतं. आतून कुणी बाहेर आलं की मी हसून पुढे व्हायचो आणि विचारायचो, "हॅपी? सर, हॅपी?"

आता विचार केला तर लक्षात येतं. बाथरूमच्या दारात एक घामाघूम, टकला, अनोळखी माणूस वाट अडवून 'हॅपी?' असं विचारतो, यावर पुरुषांची प्रतिक्रिया जरा वेगळी होते. दोघे पळाले. एकानं माझा हात बाजूला सारला. पण बाकीच्यांनी, मला वाटतं भीतीनं, हिरवं दाबलं! मी वीसपर्यंत मोजलं आणि एकविसावा गणवेशातला सुरक्षारक्षक निघाला.

"सर, कम विथ मी."

"आय ॲम अ टीचर!" मी ओरडलो. "जॉग्रफी!" (भूगोलाचा शिक्षक गुन्हा करत नाही, असा माझा समज होता.)

आरडाओरडा ऐकून बिमला धावत आली. तिनं रक्षकाला काहीतरी समजावलं, त्यानं माझा दंड सोडला, आणि मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "साहब, आपने बहुत मेहनत किया. लेकिन वो वाला बाथरूम मेरा नहीं है."

मी वीस हिरवे चेहरे भलत्याच माणसाला मिळवून दिले होते!

आत्या म्हणाली, "काहून गा पुरू, तुले कोनी मास्तर केलं?"

इकडे बायकांचा ओघ आटला होता. बर्फीचा शेवटचा डबा उघडला होता आणि बाईंच्या टॅबलेटवरचा आकडा काही हिरव्यात सरकेना. पाळी संपायला थोडाच वेळ उरला होता. बिमला मुद्दाम आमच्याकडे न बघता पुन्हा फरशी पुसायला लागली. आणि तेव्हा कोपऱ्यावरून गलका ऐकू आला. एकसारखी जाकिटं घातलेल्या, पाठीवर हॉकीच्या काठ्या अडकवलेल्या पंचवीस-तीस पोरी! कुठल्या देशाच्या होत्या कोण जाणे, पण सगळ्या थेट बाथरूमकडेच निघाल्या होत्या.

"या वं पोरीहो, या!" आत्यानं दोन्ही हात पसरले. "अंदर जा, हात धुवा, बर्फी खा!"

वऱ्हाडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली असणार, पण एकीनंही 'काय म्हणालात?' असं विचारलं नाही. आत गेल्या, सुनंदाकडून नळ शिकल्या, बाहेर येऊन ओळीनं बर्फी घेतली आणि ओळीनं हिरवं दाबलं. शेवटच्या पोरीनं दाबलं तेव्हा डब्यात फक्त कागद उरला होता. बाईंनी टॅबलेट पाहिला, पुन्हा पाहिला आणि आमच्याकडे वळवला. काही वाचायची गरज नव्हती. त्या स्वतःच हसत होत्या. (त्यांनीही दोन तुकडे खाल्ले होते, मी पाहिलं.) बिमलानं हातातला पोछा भिंतीला टेकवला आणि आत्याच्या पाया पडली. आत्यानं तिला वरच्या वर धरलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "रोज टाइमावर जेवत जाय वं माय."

हा प्रसंग मी मनात साठवत होतो, तेवढ्यात छतातून आवाज आला. "पॅसेंजर पुरू-शॉट-टॅम बोर-कट! फायनल कॉल!"

"कोन बोरकट?" आत्यानं विचारलं.

बोरकुटे! आम्हीच! चार तास कुठे गेले कळलंच नव्हतं. पुढे बाई वॉकीटॉकीत ओरडत पळत आहेत, त्यांच्यामागे लुगडं वर खोचून आत्या, तिच्यामागे बॅगा ओढत सुनंदा, आणि सगळ्यात मागे मी, अशी आमची वरात निघाली. दार बंद व्हायच्या बेतात असताना आम्ही विमानात शिरलो आणि एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला! त्या हॉकीच्या पोरी आमच्याच विमानात होत्या. मी नम्रपणे हात जोडले. सुनंदानं मागून ढकललं. "पुढे चला. आत्यासाठी आहेत त्या."

बाळाच्या अंघोळी झाल्या, जावयानं रिकामे डबे मोठ्या मनानं स्वीकारले आणि तीन महिन्यांनी आम्ही नागपूरला परत आलो. आता आमच्या गल्लीत कुणीही परदेशी निघालं की त्या विमानतळाबद्दल मत घ्यायला माझ्याकडेच येतं. परवा शेजारचे वानखडे आले. त्यांचा मुलगा जाणार आहे. मी त्यांना तासभर सगळं समजावून सांगितलं : फरशी किती वेळा पुसतात, साबण कुठून पडतो, पाणी कसं येतं, पाळी कधी बदलते, शेरे कुणाकडे जातात.

"आनि दुकानं? खान्यापिन्याचं?" त्यांनी विचारलं.

"ते काही पाहणं झालं नाही."

वानखडे, आत सुनंदाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, फार आपुलकीनं, माझ्या कानाशी वाकले.

"सर, लाजू नका. तुम्ही तिथं कामाले होते काय?"