नानांचं टेबल

टीव्हीवर स्नूकरची मॅच चालू असली, की मी खेळणाऱ्यापेक्षा खुर्चीत बसलेल्याकडेच जास्त बघतो. समोरचा एकेक चेंडू पॉकेटात घालत असतो आणि तो चुकेपर्यंत ह्याला घोटभर पाणी पिण्यापलीकडे काही करता येत नाही. इतका सभ्य छळ दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल.

आमच्या क्लबातले नाना अशाच मॅचेस बघून हट्टाला पेटले. "टेबल घ्यायचं तर हे असं घ्या. कापडाखाली दगडी लादी हवी, केसभरही उतार नको!"

जुनं टेबल डाव्या कोपऱ्याकडे झुकलेलं होतं. त्या उताराच्या जिवावरच नाना इतकी वर्षं जिंकत होते, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना कुणी अडवलं नाही. उलट आम्ही मोठ्या उत्साहाने माना डोलावल्या.

परवा नवं टेबल बसलं. नानांनी सवयीने जरा उजवीकडे नेम धरून मारलं. चेंडू वळलाच नाही, सरळ गेला. पुढच्या वेळीही तेच. मग क्लबातल्याच सुनंदाताई खेळायला उठल्या आणि नाना पाण्याची बाटली घेऊन खुर्चीत बसले, अगदी टीव्हीतल्यासारखे. चांगलं टेबल कुणालाच ओळखत नाही.

"जुनं टेबल आहे का हो अजून?" नानांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, भंगारात काढा म्हणून?" काठीच्या टोकाला खडू लावत सुनंदाताई म्हणाल्या.

नाना उठायला लागले.

"बसा हो नाना. अजून माझंच चाललंय."